राधाबाईच्या अंगठ्यावरून बदली

मित्रांनो, राधाबाई बरी झाली. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही असं समजा. कारण तेव्हा ते मलाही ठाऊक नव्हतं, आणि एकट्यानं काळजी करणं मला जमत नाही.

मी एक जुनं नख आहे. मुक्काम तोंडवली, राधाबाईचा उजवा अंगठा. ती मालवणच्या बाजारात कोळंबी सोलून विकायची. पाठीतला काळा दोरा मी एका ओढीत काढत असे. गिऱ्हाइकं "वा!" म्हणत. म्हणत तिला, पण मी ते माझंच धरत असे.

मग १९८४ साली मी पिवळं पडलं, भुसभुशीत झालं, एका कडेनं उचललं गेलं. शेजारच्या टोपलीवरची हौसाबाई भर बाजारात ओरडली, "राधाबाय, तुझ्या बोटाक शेवाळ धरला गो!"

गिऱ्हाइकं हसत हसत हौसाबाईकडे सरकली. राधाबाईनं अंगठा पदरात गुंडाळला. तिला महारोगाची भीती होती. मलाही. पदराखाली अंधारात आम्ही दोघं घाबरत बसलो.

त्याच सुमारास धामापूरच्या डॉक्टर नीरजा केसांच्या आणि नखांच्या रोगांवर संशोधन करत गावोगाव फिरत होत्या. त्यांना हवे होते नखांचे तुकडे आणि गळलेले केस. म्हणजे नेमक्या त्याच दोन वस्तू, ज्या आमच्याकडे कुणी परक्याच्या हाती देत नाही. त्यांच्यावर करणी करतात म्हणे. डॉक्टरांची पेटी रिकामीच फिरत फिरत राधाबाईच्या टोपलीपाशी आली.

"नख दी गो मावशी. तपासल्याशिवाय रोग कसो कळतलो?"

"आणि तू करणी केलंस तर?"

डॉक्टरांनी स्वतःच्या अंगठ्याचं नख कापून राधाबाईच्या हातावर ठेवलं. "ह्या माझा. मी तुझा काय वाकडा केलंय, तर तूय माझा कर."

राधाबाईनं ते पानाच्या पिशवीत टाकलं आणि मला कापू दिलं. बातमी पसरली; जो तो बदल्यात डॉक्टरांचं नख मागू लागला. महिनाभरात डॉक्टरांची सगळी नखं संपली, तेव्हा त्यांना स्वतःच्या केसांवर भागवावं लागलं.

मला काचेवर चिकटवलं. भिंगातून एक डोळा माझ्याकडे बघे. शेवटी राधाबाई आली.

"म्हारोग नाय मां?"

"नाय गो. बुरशी आसा. हात सदाचे ओले, म्हणान धरली. गोळये घे महिनोन्‌महिने, आणि हात सुके ठेव."

"मगे काय सुके बांगडे विकू?"

"ईक."

तिनं विकले.

वर्षानं ती अंगठा दाखवायला आली. माझ्या जागी नवं नख होतं, कोळंबीसारखं गुलाबी. माझ्याबद्दल त्याला कुणी काही सांगितलेलं दिसलं नाही.

"माझा जुना नख खंय?"

"कपाटात. अभ्यासाक लागतला."

"मगे तुझाय माझ्याकडे ऱ्हवांदे," म्हणत राधाबाईनं पिशवीची दोरी ओढली.

मित्रांनो, हात धुतले की पुसत जा. नख पिवळं पडलं तर पदरात लपवू नका.

तरी संबंधितांस विनंती की, माझी काचेवरील नेमणूक रद्द करून मला राधाबाईच्या उजव्या अंगठ्यावर पूर्वीच्या ज्येष्ठतेसह रुजू करून घेण्यात यावे. नव्या नखाची सोय करंगळीवर करता येईल.