क्रिस्तालूच्या अंगणातली काहील

मित्रांनो, तांब्याची एक जुनी काहील आहे मी. सायप्रस बेटावरच्या एका लहानशा गावात, क्रिस्तालूच्या अंगणात माझी चूल आहे. अंगावर पोचे इतके, की मोजायचाही कंटाळा येतो.

निकोसियाच्या तांबट आळीत एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. क्रिस्तालूच्या लग्नात तिच्या आईने मला तिच्याबरोबर सासरी धाडलं. गावात प्रत्येकीकडे चार-पाच शेळ्या. एका घरच्या दुधाने माझा तळसुद्धा धड झाकायचा नाही. म्हणून शेजारणी पाळी लावत. आज सगळ्यांचं दूध क्रिस्तालूकडे, उद्या शेजारच्या रोदूकडे. माझ्या पोटात त्या दुधाचं हळूमी चीज व्हायचं. बायका घामाघूम होऊन ढवळत, एकमेकींच्या सासवांच्या नकला करत. "क्रिस्तालूच्या काहिलीतलं हळूमी म्हणजे हळूमी," असं लोक म्हणत. मला बरं वाटायचं.

मग दिवस पालटले. बँका बाहेरून पैसा ओढून आणू लागल्या आणि मागेल त्याला कर्ज देऊ लागल्या. समुद्राकाठी बंगले उठले, गावात नव्या मोटारी आल्या. घरोघरी एक-दोनच शेळ्या उरल्या; चीज करत कोण बसणार? क्रिस्तालूच्या नवऱ्याने, हांबिसने, किनाऱ्याजवळचं वडिलार्जित शेत बंगलेवाल्यांना विकलं. सव्वादोन लाख युरो आले. त्यातून लेकीचं, मिरोचं, घर बांधायचं ठरलं.

रोदूचा मुलगा पिएरिस तेव्हा बँकेत होता. तो कॉफी प्यायला आला आणि म्हणाला, "मावशी, घरात ठेवून पैशाला काय पिल्लं होणार आहेत? आमच्याकडे ठेवा. मी बसलोय ना तिथे!"

पैसे बँकेत गेले. माझ्यात माती भरून क्रिस्तालूने तांबड्या फुलांचं झाड लावलं. पाहुणे म्हणायचे, "किती सुंदर कुंडी!" मित्रांनो, अंगात हिरवा कीट चढत असताना अशी स्तुती ऐकणं फार दमवणारं असतं.

२०१३ च्या मार्चमधल्या एका शनिवारी हांबिस पैसे काढायला गेला आणि हात हलवत परत आला. यंत्रापुढे रांग होती आणि यंत्र रिकामं. बँकांना टाळं लागलं. कर्ज घेतलेले फेडेनात, आणि शेजारच्या देशाच्या सरकारला दिलेले पैसेही बुडाले होते. बारा दिवसांनी दारं उघडली, तेव्हा कळलं, त्यांच्या बँकेत लाखाच्या वरचं सगळं गेलं.

पिएरिस स्वतःहून अंगणात आला.

"कुठे गेले रे आमचे पैसे?" क्रिस्तालूने विचारलं.

"मावशी, शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं, तर एवढं छाती ठोकून कशाला सांगत होतास?"

"आईचेही त्यातच होते," तो मान खाली घालून म्हणाला.

हांबिसने कप खाली ठेवला. तो उठून आत निघून गेला. त्या दिवसापासून त्याने पिएरिसचं नावही घेतलं नाही. गावानेही पोराशी बोलणं टाकलं. लाजेने रोदू आमच्या अंगणात यायची थांबली.

उरलेले पैसे जुनी देणी आणि घरखर्चात विरत गेले. मिरोच्या घराचं नुकतंच सुरू झालेलं काम अडलं; खांब तसेच उभे राहिले, वर गंजलेल्या सळया. जावयाचं बांधकामावरचं काम सुटलं. उन्हाळ्यात दोघं इंग्लंडला निघाली.

"आई, दोन वर्षांत परत येतो."

"दोन वर्षांचं मला सांगू नकोस. पोचलीस की फोन कर."

दुसऱ्या दिवशी सकाळीच क्रिस्तालूने ते झाड मुळासकट उपटलं. लिंबू आणि मीठ घेऊन मला घासत बसली. घासता घासता रडत होती, पण हात थांबले नाहीत. मग तिने मला लार्नाकाच्या म्हाताऱ्या कल्हईवाल्याकडे नेलं.

"बाई, हिच्यात फुलं लावली होती? लाज नाही वाटली?"

"वाटतेय, म्हणून तर आणलीय. तुम्ही तुमचं काम करा."

परतताना ती थेट रोदूच्या दारात गेली. "शेळ्या दूध किती देतात गं तुझ्या?"

रोदू दारातच थबकली. "तू... माझ्याकडे?"

"शेळ्यांनी काय बँक चालवली होती? उद्या पाळी माझ्याकडे."

पुन्हा दूध आलं. पहिल्या दिवशी दोन घरचं, महिन्याभरात सात घरचं. हळूमी आठवड्याच्या बाजारात विकलं जाऊ लागलं. मित्रांनो, खोटं नाही सांगत, गेलेले पैसे काही आले नाहीत. विजेचं बिल आणि औषधं, एवढंच भागायचं. क्रिस्तालूचे गुडघे दुखत, माझाही तळ झिजला होता.

हिवाळ्यात पिएरिसच्या बँकेची शाखाच बंद झाली, त्याची नोकरीही गेली. एका सकाळी तो फाटकाशी येऊन उभा राहिला, ना आत, ना बाहेर. रोदूने मान फिरवली. क्रिस्तालूने चुलीपुढचा लाकडी पाट पायाने त्याच्याकडे सरकवला. तो येऊन बसला आणि लाकडं सारू लागला.

हांबिस ओट्यावरून बघत होता.  मग घसा खाकरून म्हणाला, "अरे पिएरिस, आच कमी कर. खाली लागेल ना!"

दहा महिन्यांत पहिल्यांदा! पिएरिसने घाईने एक लाकूड बाहेर ओढलं आणि डोळे पुसले. "धूर फार आहे," रोदू म्हणाली. 

मित्रांनो, मी आता फार थकले आहे. आणखी किती उन्हाळे चुलीवर चढेन, ठाऊक नाही. तुमच्या घरात एखादं तांब्याचं भांडं असेल, तर त्याला वेळच्या वेळी कल्हई करा. आणि तुमच्या गावाने एखाद्याशी बोलणं टाकलं असेल, तर त्याला निदान एखादं काम सांगा. "माफ केलं" म्हणायला माणसाला फार दिवस लागतात. तोवर लाकडं तर आणायचीच असतात.