दाराबाहेरचे सँडल

आदिनाथ हा नवलाख उंबरे या गावातल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. गेटवरच्या 'अपघातमुक्त दिवस' फळ्यावर रोज सकाळी आकडा तो स्वतः बदलायचा. आज चारशे बारा होता. घरी मात्र त्याच्यावर एवढा भरवसा कुणाचा नव्हता. पुण्याला परीक्षेला निघालेल्या त्याच्या बायकोने, समीक्षाने, दोन्ही मुलं त्याच्या हवाली करताना, तो कंत्राटदाराच्या शिडीकडे बघतो, तसं त्याच्याकडे बघितलं. पाच वर्षांचा सत्यम आणि अडीच वर्षांची तेजल यांना एकट्याने बाहेर न्यायची त्याची ही पहिलीच वेळ.

सुरुवातच अडखळत झाली. तेजलला तिच्या आजीने, म्हणजे शालूबाईंनी, एक शिस्त लावली होती: घर कुणाचंबी असो, दारात चपला काढायच्या आणि जोडीने, तोंड बाहेर करून ठेवायच्या. तेजलला फक्त दार दिसायचा अवकाश. गाडीलाही दार असतं. वडगावपर्यंत आल्यावर सत्यमने सहज सांगितलं, की तेजूचे सँडल अंगणातच राहिलेत. आदिनाथने गाडी वळवली.

लोणावळ्यातल्या त्या मुलांच्या संग्रहालयाच्या दारावर पाटी होती, 'प्रत्येक वस्तूला हात लावा.' आदिनाथने ती दोनदा वाचली. आजवर वाचलेल्या बहुतेक पाट्या याच्या उलट होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या त्यानेच लावलेल्या होत्या. आत पाण्याच्या टेबलावर होड्या तरंगत होत्या, दोरीच्या क्रेनने वाळूच्या पिशव्या वर जात होत्या, कोपऱ्यात कंबरेएवढं लाकडी घर होतं आणि पन्नासेक पोरं पाटीची तंतोतंत अंमलबजावणी करत होती. आदिनाथने सवयीने बाहेर पडायचे दरवाजे मोजले. मग भिंतीवरच्या अग्निशामकाची मुदत तपासली. संपायला दोन महिने होते. समाधानाने वळून बघितलं, तर तेजल नव्हती.

क्रेनवरचा सत्यम मान न वळवता म्हणाला, "माझ्याकडं न्हाई."

आदिनाथने पाण्याच्या टेबलात कोपरापर्यंत हात घातला. पाणी वीतभर होतं, तरी सगळीकडे चाचपलं. तिथे कामाला असलेल्या बबिताने आधी गेट लावून घेतलं आणि मग समजावलं, की बाहेर कुणी गेलेलं नाही, रोज दोन-तीन मुलं अशी हरवतात आणि सापडतातच. कामगारांच्या घरच्यांशी तो स्वतः याच सुरात बोलायचा. ऐकणाऱ्याला हा सूर किती निरुपयोगी असतो, हे त्याला आज कळलं.  तेवढ्यात समीक्षाचा मेसेज आला: पेपर सुटला, पोरं बरी आहेत ना? त्याने फोन खिशात टाकला.

आणि खाली बघितलं तेव्हा ते दिसले. लाकडी घराच्या बंद दाराबाहेर तळहाताएवढे लाल सँडल. जोडीने. तोंड बाहेर करून.

तो गुडघ्यांवर बसला आणि दार ढकललं. तेजल आत लाकडी वांगं चिरत होती. तिने बापाकडे नाही, त्याच्या पायांकडे बघितलं.

"बाबा, बूट."

पुढे लोखंड असलेले सेफ्टी बूट, आठ-आठ भोकांच्या नाड्या. काढायला दोन मिनिटं लागली. आजवर कुणाची सूचना त्याने इतक्या आनंदाने पाळली नव्हती. मग तो छातीपर्यंत आत सरकला आणि वाढलेलं वांगं मुकाट खाल्लं. दोनदा वाढून घेतलं.

पार्किंगमध्ये आल्यावर त्याने समीक्षाला फोन लावला. थोडक्यात टळलेला अपघातही त्याच पाळीत कळवायचा, हे तो कामगारांना वर्षानुवर्षं बजावत आला होता. त्यामुळे त्याने अग्निशामकासकट सगळं सांगितलं आणि गुमान वाट बघत राहिला.

 मग समीक्षा म्हणाली, "दिवाळीत तळेगावला मी सत्यमला कापडाच्या दुकानात विसरून रिक्षात बसले होते. चौकापर्यंत गेले. तुम्ही फॉर्म भरायला लावाल म्हणून बोलले नाही."

आदिनाथला इतकं हलकं वाटलं, की चार महिने उशिरा कळवल्याबद्दल त्याने तिला अवाक्षरही सुनावलं नाही. गाडीपाशी गेला, दाराबाहेर जोडीने ठेवलेले लाल सँडल उचलले, मागच्या सीटवरची डोकी मोजली. दोन. पुन्हा मोजली, आणि गाडी काढली.