सुकलेल्या झाडाला परवानगी लागत नाही

मित्रांनो, तुमच्यातल्या बहुतेकांनी मला पाहिलेलेही नसेल. मी एक जुने गिरमिट आहे, हाताने फिरवून लाकडाला भोक पाडायचे हत्यार. आज भंगाराच्या पोत्यात पडले आहे, पण एके काळी माझाही तोरा होता.

लोहाराने मला घडवले तेव्हा माझे टोक जरासे वाकडे राहिले. त्यामुळे माझे भोक कधी नीट गोल पडले नाही, किंचित लांबटच पडे. माझ्या मालकांनी, म्हणजे सुतारमिस्त्रींनी, मला त्या खोडीसकट पदरात घेतले. चाळीस वर्षे आम्ही पाळणे, पलंग, शाळेची बाके केली. त्यांच्या मुलाचे शिक्षण त्यावरच झाले. पुढे मालकांची नजर गेली आणि मुलाने त्यांना आपल्या कॉलनीतल्या घरी आणले. माझी पेटी जिन्याखाली गेली. वर्षानुवर्षे कोणी झाकण उघडले नाही.

घरापुढे एक डेरेदार शिरीष होता. भिंत चाचपत त्याच्या सावलीत जाऊन बसायचे, एवढेच मालकांचे फिरणे. कॉलनीतली पोरे मोडकी खेळणी घेऊन येत आणि ते ती नुसत्या बोटांनी नीट करून देत.

मग मुलाने दुसरी गाडी घेतली. ती ठेवायला त्याला झाडाची जागा हवी होती. कॉलनीचे नियम मात्र कडक. जिवंत झाड गाडीसाठी तोडता येत नाही. सुकलेले झाड असेल तर सेक्रेटरींची एक सही पुरते. मुलाने दोनदा अर्ज केला, कमिटीने दोनदा फेटाळला.

एका दुपारी माझी पेटी उघडली. मुलाने मला पुसले, तेल दिले. खरे सांगते, मला फार आनंद झाला. वाटले, कोणाला तरी आपली आठवण आली. त्याने मला शिरिषाच्या बुंध्यात सात वेळा फिरवले, भोकांत तण मारायचे औषध ओतले आणि वरून चिखल लिंपला. ओल्या, जित्या लाकडात मी सहज शिरले. याची मला आजही लाज वाटते.

पाने गळू लागली. मालकांना वाटले, झाडाला पाणी कमी पडते आहे. ते रोज ठेचकाळत बादली भरून नेऊ लागले. मुलगा खिडकीतून बघत असे. एकदाही त्याने त्यांना थांबवले नाही.

महिन्याभराने बुंधा चाचपताना वाळलेला चिखल निखळला आणि मालकांचे बोट भोकात गेले. त्यांनी पुन्हा बोट फिरवले. लांबट. मग दुसरे, तिसरे, सातही तपासली. भरलेली बादली तशीच ठेवून ते घरात गेले.

कमिटी पाहायला आली तेव्हा सेक्रेटरींनाही भोके दिसली. घर ज्याचे, म्हणजे इथे मुलाने, झाड मुद्दाम मारले असेल तर तिथे नवे झाड लावायचे, गाडी कधीच ठेवायची नाही, असा नियम होता. मुलगा पटकन पुढे झाला.

"बाबांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. हत्यारं काढून बसतात. त्यांनीच केलं असणार."

"काका, तुम्ही केलंत हे?" सेक्रेटरींनी विचारले.

मालकांनी मुलाच्या आवाजाकडे मान वळवली. जरा वाट पाहिली.

"हो," ते म्हणाले. "गिरमिट माझंच आहे."

आजारी माणसाची चूक म्हणून कमिटीने माफ केले. झाड गेले, गाडी आली. आयांनी पोरांना मालकांकडे फिरकू दिले नाही. पुन्हा काही करून बसतील म्हणून सूनबाईंनी खोलीला बाहेरून कडी लावली आणि मला भंगारात घातले. आता त्या खोलीत दुपारभर ऊन असते.

मित्रांनो, हत्यारे पुसून, तेल देऊन ठेवा, हे मी सांगणारच. पण घरातल्या कोणा म्हाताऱ्याने तुमचा दोष आपल्या अंगावर घेतला, तर निदान मान तरी खाली घाला. आमच्या मुलाने तेवढेही केले नाही. मालक 'हो' म्हणाले, आणि त्याने सहीसाठी सेक्रेटरींपुढे पेन धरले.