परत आल्याची वेळ

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. गणिताची नाही, निबंधाची नाही आणि कुणाच्या दप्तरातलीही नाही. मी शाळेची हालचाल नोंदवही. शाळेच्या वेळेत शिक्षकांना बाहेर जायचे झाले, की ते आधी माझ्यात लिहितात आणि मग निघतात. तारीख, नाव, कारण, जाण्याची वेळ, परत आल्याची वेळ आणि सही. या सहा रकान्यांत माझे सगळे आयुष्य गेले. हजेरीपटाला वाटते की शाळा त्याच्या जोरावर चालते. तो कोण आले ते सांगतो. कोण गेले आणि कशासाठी गेले, हे माझ्या पोटात असते. माणूस ओळखायचा असेल तर मलाच वाचावे, असे माझे मत आहे. पण माझे मत कोण विचारतो?

माझा जन्म जुन्या नाशकातल्या एका बाइंडरच्या दुकानात झाला. चाळीस पाने, निळ्या रेघा, पाठीला लाल कापड. अंगाला खळीचा वास होता. एके दिवशी हिरामण सर खडूचे खोके घ्यायला तिथे आले. पेठ रस्त्याला, घाट लागायच्या अलीकडे, एका पाड्यावरच्या शाळेचे ते मुख्याध्यापक. त्यांनी मला अंगठ्याने फरफर चाळले आणि दुकानदाराला म्हणाले, "ही पंचवीस वर्षं पुरेल. आमच्याकडं मास्तर दोनच, आणि दोघंही जागचे हलत नाहीत."

सरांचे गणित चांगले होते असे सगळे म्हणतात. हे उत्तर मात्र त्यांचे साफ चुकले. मी सात वर्षांत भरले.

त्या दोन मास्तरांपैकी दुसऱ्या म्हणजे भाग्यश्रीबाई. राहायला म्हसरूळला, यायच्या स्कूटीवर. त्यांचे यजमान ओझरच्या कारखान्यात. बाईंचे अक्षर टपोरे होते आणि ते रकान्यात कधी मावायचे नाही. सुरुवातीच्या वर्षांत त्या फारशा बाहेर जायच्या नाहीत, आणि गेल्या तरी कारणे कशी असायची पाहा. 'सोमा तीन दिवस आला नाही, त्याच्या घरी.' 'चौथीच्या मुलांना पोस्ट दाखवणे.' 'झुंबरबाई मुलीला शेळ्यांमागे पाठवतात, समजावण्यासाठी.' सरांची कारणे आखूड असायची. 'तातडीचे काम.' आता हे तातडीचे काम दर बुधवारी बाजाराच्याच वेळेला कसे निघायचे, हे मी विचारले नाही. सर परत यायचे तेव्हा त्यांच्या पिशवीतून मेथी डोकवायची.

पण सर वहीच्या बाबतीत कडक. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना माझ्यातला 'परत आल्याची वेळ' हा रकाना एका ठिकाणी कोरा सापडला. त्यावरून सरांना खुलासा लिहावा लागला. त्या दिवसापासून सरांनी शाळेत एक रीत पाडली. निघतानाच दोन्ही वेळा लिहून टाकायच्या, जाण्याचीही आणि येण्याचीही.

"पण सर, यायला उशीर झाला तर?" बाईंनी विचारले होते.

"तर वहीच्या हिशोबानं तुम्ही वेळेवर आलात," सर म्हणाले. "आणि खाडाखोड करायची नाही. खाडाखोड दिसली की साहेबांना भूक लागते."

ही रीत लक्षात ठेवा मित्रांनो. पुढे तिचे काम आहे.

मधली दीड-दोन वर्षे कोरोनामुळे शाळाच बंद होती, तेव्हा मी कपाटात नोंदीवाचून पडून होते. शाळा उघडली आणि सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आले नाही. चार वर्ग, बेचाळीस मुले, आणि बाई एकट्या. मुख्याध्यापकाचा चार्जही त्यांच्याकडेच. मग माझ्यातली कारणे बदलली. मतदार यादीचे काम. प्रशिक्षण. बैठक. सर्वेक्षण. माहिती सादर करणे. तीच माहिती पुन्हा नव्या नमुन्यात सादर करणे. एका वर्षात बाई एकसष्ट वेळा शाळेबाहेर गेल्या. त्यातल्या फक्त दोन नोंदी मुलांच्या घरच्या होत्या. मी दुसरे काही करत नाही, मोजत असते, म्हणून आकडा पक्का आहे.

बाई बाहेर गेल्या की मुलांकडे कोण बघायचे? खिचडी शिजवणाऱ्या चिमणाबाई. एका हातात डाव आणि दुसऱ्या हाताने पाढ्यांचा ताल. सतराच्या पाढ्यापुढे त्यांची गाडी जायची नाही, मग मुले परत दोनपासून सुरू करायची.

बाईंचे अक्षर त्या वर्षी रकान्यात मावायला लागले. साहेब म्हणाले, "वही फार नीटनेटकी आहे." मला वाईट वाटले. ज्या अक्षराला पूर्वी जागा पुरत नव्हती, ते आता कोपऱ्यात अंग चोरून बसायचे. बाई सकाळी स्कूटी लावायच्या आणि हेल्मेट न काढता तशाच बसून राहायच्या. मी टेबलावर दाराशेजारी असते, मला दिसते. मुले खिडकीतून बघायची आणि आपसांत म्हणायची, "बाई आल्या, पण अजून यायच्यात."

आता तृप्तीचे सांगते. तृप्ती चौथीत. तिचे वडील दत्तू आणि आई दरवर्षी द्राक्षाच्या छाटणीला मखमलाबादकडच्या बागांत जातात. पाड्यावरची बरीच घरे जातात. पूर्वी बाई भाद्रपदातच घरोघर फिरायच्या आणि एकेका पोराला आजीकडे, काकीकडे ठेवून घ्यायच्या. त्या वर्षी फिरणे झालेच नाही, बाकीची पोरे सवयीने आपापल्या आजीकडे राहिली. एका दुपारी तृप्ती टेबलापाशी आली. बाई मोबाईलवर कसलीशी माहिती भरत होत्या आणि रेंज येऊन जाऊन होती.

"बाई, उद्यापासून आम्ही छाटणीला चाललो. आजी नाय आता, तर मीपण."

"हं. जागेवर बस."

तृप्ती जागेवर बसली. दुसऱ्या दिवशी ती जागा रिकामी होती.

मोबाईलवरच्या हजेरीत एक सोय असते. एकदा बोट ठेवले की सगळा वर्ग हजर, मग जे नाहीत त्यांची नावे एकेक करून काढायची. बाई बोट ठेवायच्या, तेवढ्यात फोन वाजायचा, नावे काढायची राहून जायची. नवव्या दिवशी चिमणाबाई थाळ्या मांडता मांडता म्हणाल्या, "बाई, त्या तृप्तीचा तिकडल्या शाळेसाठीचा कागुद पाठवला का?"

"कसला कागद? तृप्ती काय झाली?"

"अवं, आठ दिस झाले तिला जाऊन. तिची थाळी मी आठ दिस धुतलीच नाय. कोरडीच हाय ती."

बाईंनी मोबाईल उघडला. आठही दिवस तृप्ती हजर होती.  मग त्यांना ती दुपार आठवली असावी. त्या चिमणाबाईंना एवढेच म्हणाल्या, "ती मला सांगून गेली होती. माझ्यासमोर उभी राहून."

"ऱ्हातंय ध्यानातून. बेचाळीस लेकरं हायेत."

"मावशी, बेचाळीस नाहीत. एकेचाळीस आहेत, आणि हे मला तुमच्या थाळीवरून कळतंय."

दोन दिवसांनी माझ्या पानांत एक घडी केलेला कागद आला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. म्हणजे वय व्हायच्या आधी आपणहून नोकरी सोडण्याचा. बाईंच्या नोकरीला एकवीस वर्षे झाली होती, त्यामुळे तो करता येत होता. घरी बोलणे झाले होते. यजमान फोनवर काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही, पण बाई म्हणाल्या, "दमले म्हणून नाही हो. दमायला काय, मी पहिल्या वर्षीही दमायचे. मला आता मुलं दिसेनाशी झालीत. अशा बाईनं वर्गात उभं राहावं का, तुम्हीच सांगा."

तो कागद अकरा दिवस माझ्याकडे होता. बाई रोज तो काढायच्या, वाचायच्या आणि ठेवून द्यायच्या. खरे सांगू का, मला त्याचा राग नव्हता. माणूस थकला तर त्याने जावे. पण मी पाने मोजणारी. माझ्या मनात येई, एकवीस वर्षांपैकी बाईंनी शिकवण्याला वैतागून किती दिवस काढले आणि बाकीच्या कामांना वैतागून किती? हा रकाना माझ्यात नव्हता, आणि बाईंनीही तो आखला नव्हता.

बाराव्या दिवशी बाईंनी ठरवले. अर्ज पंचायत समितीत देऊन यायचा. त्यांनी मला पुढे ओढले. तारीख लिहिली, नाव लिहिले. कारणाच्या रकान्यावर पेन थांबले. तो कोरा ठेवून त्यांनी पुढे लिहिले, जाण्याची वेळ ११.४०. आणि हात न थांबता, सरांच्या त्या रीतीने, पुढचा रकानाही भरून गेला. परत आल्याची वेळ, २.१५.

दारातून चिमणाबाई म्हणाल्या, "कवा येणार? खिचडी झाकून ठेवू?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. "सव्वादोनला," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, बघा ना. सोडून चालले, आणि परत आल्याचंही लिहून बसले."

"मग खोडा की."

"खाडाखोड चालत नाही."

"तर मग या परत. लिहिलंय तर या." चिमणाबाईंनी डाव भांड्यावर आपटला. "न्हाय तर हेबी त्या तृप्तीवानीच व्हायचं. माणूस हितं नाय आन कागदावर हजर."

चिमणाबाई कधी कुणाला लावून बोलत नाहीत. त्यांना फक्त थाळ्या मोजता येतात. बाईंना मात्र ते लागले. अर्ज पर्समध्ये ठेवला होता, तो त्यांनी काढला आणि परत माझ्या पानांत सारला. मग कारणाचा कोरा रकाना भरला. 'तृप्ती दत्तू हिला भेटण्यासाठी, मखमलाबाद.' अक्षर टपोरे होते. शेवटचा शब्द रेघ ओलांडून शेजारच्या रकान्यात गेला.

सव्वादोन वाजले. अडीच वाजले. चिमणाबाई सतराच्या पाढ्यावर तीनदा अडल्या. तीनला दहा कमी असताना स्कूटीचा आवाज आला. बाईंच्या चपलांना बागेतला चिखल होता, आणि हेल्मेट त्यांनी दाराबाहेरच काढले होते.

"भेटली का?" चिमणाबाईंनी विचारले.

"भेटली. धाकट्याला कडेवर घेऊन काड्या गोळा करत होती. मला बघून पहिलं काय विचारलं माहितीये? बाई, माझी हजेरी लागते का?"

"मग?"

"मी म्हटलं, लागते. ती म्हणाली, मग बरंय." बाईंनी ओढणीने तोंड पुसले. "मावशी, तिनं मला रागानं बघितलं असतं तर चाललं असतं."

"आन दत्तू?"

"तो म्हणाला, दिवाळीआधी आम्ही माघारी येतो, तवर तुम्ही हाय ना बाई? मागले सर गेले ते गेलेच."

"मग काय म्हणल्या?"

 बाईंनी मला उघडले, २.१५ वर एक सरळ रेघ मारली, शेजारी २.५० लिहिले आणि सही केली. सात वर्षांतली माझी पहिली खाडाखोड. मग चिमणाबाईंकडे न बघताच म्हणाल्या, "हाय म्हणाले. खिचडी ठेवलीय का?"

पुढे सगळे गोडच झाले, असे सांगितले तर मी खोटी वही ठरेन. बाईंनी आठ दिवसांची चुकीची हजेरी आपणहून वर कळवली. केंद्रप्रमुख फोनवर एवढ्या मोठ्याने बोलले की मलाही ऐकू आले. "अहो बाई, कशाला ओढवून घेता? कुणी विचारलं होतं का?"

"मी विचारलं होतं," बाई म्हणाल्या.

खुलासा मागणारे पत्र आले. बाईंनी माफी मागितली आणि सोबत माझ्या वर्षभराच्या नोंदींची नक्कल जोडली. एकसष्ट वेळा बाहेर, प्रत्येकीचे कारण, आणि दर वेळी मागे राहिलेल्या मुलांची संख्या. शेवटी एकच ओळ. दुसरा शिक्षक मिळावा. मला त्या दिवशी कुणीतरी सबंध वाचले, हेही खूप झाले. शिक्षक अजून कागदावरच आला आहे. पण पाड्यावरच्या शाळा समितीने ठराव केला, की बाईंना जावेच लागले तर बारावी झालेली स्नेहल वर्गात बसेल. तिला एकोणीसपर्यंत पाढे येतात. चिमणाबाई याबद्दल फार बोलत नाहीत.

बाई अजून थकतात. एखाद्या सकाळी हेल्मेट घालून बसतातही. पण परत आल्याची वेळ त्या आता परत आल्यावरच लिहितात.

तृप्ती दिवाळीआधी आली. तिची थाळी आता रोज धुतली जाते.

आणि मी भरले. मागच्या महिन्यात नवी वही आली. बाईंनी माझ्यातले एकेक सामान काढून तिच्यात ठेवले. परिपत्रके, फूटपट्टी, सुट्ट्यांची यादी. अर्जाची घडीही हातात घेतली. उघडली नाही. फाडलीही नाही. ती परत माझ्याच पानांत ठेवली आणि मला कपाटात सर्वांत खाली, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे सरकवून दिले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वह्या शेवटी तुमच्याकडे विनवणी करतात, की आम्हाला ओलीपासून जपा, वाळवीपासून जपा. माझे मागणे थोडे वेगळे आहे. तुमच्या बाई किंवा सर बाहेरून दमून आले, तर कुठे गेला होता असे त्यांना एकदा विचारा, आणि उत्तर देईपर्यंत उभे राहा. जपायचे असेल तर त्यांना जपा. माझे काय, वाळवी लागली तर लागू द्या. फक्त तिला म्हणावे, सुरुवात त्या घडीपासून कर.