अर्धं तोंड हसेना

चमकीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, तेवढंच. घरीदारी ती चमकीच. सकाळी तोंड धुऊन आली की दुपारच्या आत तिचं नाक दाराच्या पितळी मुठीसारखं लखलखायला लागायचं. हे नाक कुणाकडून आलं, यावर तिची आत्या आणि तिची मावशी तिच्या जन्मापासून भांडत आल्या होत्या.

"आमच्या घराण्यात असली नाकं नसतात," आत्या म्हणायची.

"म्हणजे आमच्याकडून आलं? अहो, आमच्याकडे सगळ्यांची कातडी कागदासारखी कोरडी!" मावशी कपाळावरचं तेल रुमालाने टिपत म्हणायची.

तेव्हा अजून अंगाच्याच साबणाने तोंड धुवायचे दिवस होते. तोंडासाठी वेगळी बाटली म्हटलं की लोक भुवया उंचावत. अशा त्या भल्या दिवसांत चमकी रसायनशास्त्र शिकून एका लहानशा कारखान्यात लागली आणि बाटल्यांवर लेबलं सरळ चिकटलीत का, हे बघत बसली. एक दिवस साहेबांनी तिला बोलावलं.

"तेलकट त्वचेसाठी तोंड धुवायचं काहीतरी कर बघू. जमलं तर प्रयोगशाळेतलं खिडकीजवळचं टेबल तुझं. नाही जमलं तर लेबलं आहेतच."

चमकी त्या दिवशी घरी चालत गेलीच नाही, तरंगत गेली. ते टेबल! वर कपाटात काचेची भांडी, शेजारी वजनाचा नाजूक काटा, आणि मान वाकडी करून लेबलं बघण्यातून कायमची सुटका. तिने जीव ओतून एक मिश्रण केलं. ते इतकं फेसाळायचं, की बाटली नुसती हलवली तरी टोपणाखालून डोकवायचं.

चाचणीची साहेबांची पद्धत ठरलेली होती. नवं मिश्रण कारखान्याच्या जुन्या, साध्या मिश्रणाशी एकाच तोंडावर झुंजवायचं. डाव्या गालाला लाल टोपणाचं, उजव्या गालाला निळ्या टोपणाचं. कुठलं कुणाचं ते सांगायचं नाही. आणि जिने मिश्रण केलं तिने निकाल लागेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर ती सगळ्यांना गोड बोलून आपल्या बाजूला ओढते.

आता तेलकट तोंडं आणायची कुठून? चमकीने आत्याला आणि मावशीला आणून बसवलं.

आधी निवड. कपाळावर पातळ टिपकागद दाबायचा आणि उजेडात धरायचा. कागद जितका पारदर्शक, तितकं तेल जास्त. जन्मभर आपण कोरड्या म्हणून मिरवलेल्या त्या दोघी, इथे तेलालाच मान आहे म्हटल्यावर एकदम फिरल्या.

"बघा, बघा साहेब! माझ्या कागदातून खिडकी दिसते!" आत्या.

"खिडकी काय घेऊन बसलात? माझ्यातून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचता येतेय!" मावशी.

"तुम्ही कागद कपाळावर दाबलात की घासलात?" आत्याने संशयाने विचारलं.

"अहो, मला घासायची गरजच काय!"

साहेबांनी दोघींनाही घेतलं. चाचणीला बोलावलेली तिसरी बाई सर्दी झाली म्हणून आलीच नव्हती. साहेबांची नजर चमकीच्या नाकावर थांबली. "तूही बस. पण तोंड धुवायला वापरायचं, बोलायला नाही."

मग जो काही धुण्याचा कार्यक्रम झाला म्हणता! नाकाच्या मधोमध रेघ धरून अर्धं तोंड चोळायचं म्हणजे सोपं काम नाही. पाणी कोपरांवरून बाह्यांत शिरलं, फेस कानात गेला, मावशीने हद्द ओलांडली म्हणून आत्याने आरडाओरडा केला. शेवटी तिघी तोंडं टिपून ओळीने खुर्च्यांवर बसल्या. त्वचा वाळेपर्यंत थांबायचं होतं. साहेब शेजारच्या खोलीत गेले.

मावशीने आरसा उचलला आणि आपल्या कधी नव्हे तो कोरड्या दिसणाऱ्या डाव्या गालाकडे बघून मान लववली. "नमस्कार. आपली ओळख नाही झाली कधी."

आत्या फिसकन हसली. मावशी तिच्याकडे बघतच राहिली.

"अहो, तुम्ही अर्ध्याच हसताय!"

"मी काय अर्धी हसेन? पूर्ण हसतेय!"

"उजवा गाल हसतोय. डावा दुखवट्याला बसलाय!"

झालं. मावशीलाही हसू फुटलं आणि तिचाही डावा गाल जागचा हलेना. तो तिला आरशात दिसला, ती आणखी हसली, आणि गाल आणखी रुसला. दोघी एकमेकींच्या खांद्यावर कोसळल्या.

चमकीने ओठ गच्च मिटून घेतले. लाल टोपण तिचं होतं. डाव्या गालावर मेंथॉलचा गारवा लागला तेव्हाच तिने ओळखलं होतं. आता तो गाल कुणी खळ लावून इस्त्री केल्यासारखा ताठ झाला होता. साहेब येईपर्यंत आपलं तोंड सरळ ठेवायचं. तीन तोंडांपैकी एक तरी ठीक निघालं तर टेबलाची आशा होती. तिने छताकडे बघितलं. तिने मनात पाढे म्हटले. तेवढ्यात आत्या डावा गाल बोटाने वर उचलून म्हणाली, "हं, आता जमलं," आणि चमकीच्या पोटातून हसू असं उसळलं, की तिचं सगळं तोंड उजवीकडे धावलं आणि डावीकडचं तिथेच राहिलं.

"ही बघा! हीसुद्धा!"

साहेब दारात उभे होते. त्यांनी तिन्ही वाकडी तोंडं नीट बघितली आणि चमकीच्या मिश्रणाची कृती लिहिलेला कागद मागवला.

"हा कडक फेसाचा द्रव कशाला?"

"तेल जावं म्हणून."

"आणि अल्कोहोल?"

"तेल जावं म्हणून."

"ही पांढरी माती?"

"ते... तेल शोषलं जावं म्हणून."

"मेंथॉल?"

"तेल गेल्यासारखं वाटावं म्हणून."

"अगं, चेहरा धुवायचाय की इंजिन?"

मावशी खुर्चीवरून घसरायचीच बाकी राहिली. चमकी मात्र लाल झाली. तिने मनाशी कबूल केलं, की तिने ते मिश्रण बायकांच्या त्वचेसाठी केलंच नव्हतं, आपल्या नाकावर सूड उगवायला केलं होतं.

"मला आणखी एकदा करू द्या," ती म्हणाली.

"एकदाच," साहेब म्हणाले.

पुढचे दिवस तिने काढून टाकण्यात घालवले. अल्कोहोल गेलं, मेंथॉल गेलं, माती गेली. कडक द्रवाच्या जागी सौम्य आला. छिद्रांतली घाण सैल करणारं सॅलिसिलिक आम्ल तिने अगदी थोडंसं ठेवलं आणि ओलावा धरायला ग्लिसरीन घातलं. बाटली हलवली तर फेस आता सभ्यपणे आतच बसायचा.

दुसऱ्या चाचणीला आत्या आणि मावशी आल्या त्या केस बांधून, जय्यत तयारीने. अर्धी अर्धी तोंडं धुऊन झाली, वाळली. साहेब समोर बसले. "हं, हसा."

दोघी ढिम्म.

"हसा की!"

"सांगून हसायला आम्ही काय चावीच्या बाहुल्या?" आत्या फणकारली.

मावशीने प्रयत्न केला, तर तिचे नुसते दात दिसले. चमकीला बोलायची बंदी, आणि हसल्याशिवाय निकाल नाही. तिचं टेबल त्या दोन गंभीर चेहऱ्यांवर अडकून पडलं होतं.

साहेब वैतागून उठले. "थांबा, मीच धुऊन बघतो." त्यांनी बाह्या सारल्या, डावीकडे एक, उजवीकडे दुसरं लावलं आणि चोळत वर वर निघाले. साहेबांना टक्कल होतं. कपाळ संपेना. हात टाळूवर गेला, तिथून मागे उतरला, फेस मानेपर्यंत पोचला.

"साहेब," मावशी हळूच म्हणाली, "कपाळ मागेच राहिलं."

"कुठे?"

"ते आता तुमचं तुम्हीच ठरवा!" आत्या किंचाळली, आणि दोघी फुटल्या. चमकी श्वास रोखून त्यांचे डावे गाल बघत होती. ते वर गेले. उजव्यांच्या बरोबरीने, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पाडत, छान गोल होऊन वर गेले.

साहेबांनी डोकं टिपलं, दोन्ही बाजूंना कागद दाबले, उजेडात धरले. उजव्या कागदावर तेलाचे डाग उमटले होते. डावा कोरडा होता. त्यांनी जबडा इकडेतिकडे फिरवून बघितला, गाल फुगवून बघितले.

"बोल आता," ते चमकीला म्हणाले.

इतके दिवस साठवलेलं कितीतरी बोलायचं होतं तिला, पण तोंड उघडलं तर नुसतं हसूच बाहेर आलं, आणि ते काही केल्या थांबेना.

"उद्यापासून खिडकीजवळ बस," असं म्हणून साहेब रुबाबात कारखान्याच्या मोठ्या दालनाकडे निघाले. त्यांच्या उजव्या कानामागे फेसाचा एक गोळा तसाच राहिला होता. ते त्यांना कुणीही सांगितलं नाही.