चिमणीचे पोट

सकाळची उन्हे खिडकीतून ओट्यावर उतरत, त्या वेळी त्या स्वयंपाकघरात संत्र्यांचा वास भरून राहिलेला असे. घरामागच्या शेडमध्ये फळांचे रस साखरेत उकळून बाटल्यांत भरण्याचा कारखाना होता. पण घरच्या माणसांनी प्यायचा सकाळचा रस ताजा आणि हाताने पिळलेलाच असावा, असा कुटुंबाचा दंडक होता. तो पिळण्याचे काम धाकट्या सुनेकडे होते. थोरल्या मुलासाठी एक पेला, त्याच्या दोन लेकरांसाठी दोन, सासूबाईंचा गाळलेला, आणि थोरल्या सुनेचा. सहावा पेला त्या ओट्यावर कधी मांडला गेला नव्हता, आणि तो मांडला जात नाही हे कोणाला जाणवलेही नव्हते. सवय ही मोठी मायाविनी आहे. ती अन्यायाला देखील नित्यक्रमाचे सोज्ज्वळ वस्त्र नेसवते.

धाकटीला घरात सारे 'चिमणी' म्हणत. चार वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून तिचे खाणे इतके उणावले की आल्यागेल्यापुढे त्याचे कौतुक होई. "आमच्या चिमणीचं पोट टीचभर," सासूबाई सांगत, "दोन दाणे टिपले की झालं. अशी सून मिळायला भाग्य लागतं हो!" सासूबाई स्वतः भर तारुण्यात विधवा झालेल्या. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. केस काळेभोर असतानाच ते सारे गेले होते. "बोलायला दात लागत नाहीत, धाक लागतो," असे म्हणून त्या स्वतःच हसत.

पंधरवड्यापूर्वी चिमणीच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, आणि काही न लागता पोटऱ्यांवर निळे डाग उमटले. डॉक्टरांनी 'सी' जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या; जेवणानंतर घ्यायच्या. संत्र्यांच्या घरात संत्र्यांतले सत्त्व गोळीच्या रूपाने विकत यावे, याचे कोणाला हसूही आले नाही.

त्या सकाळी थोरली सून स्वयंपाकघरात आली, तेव्हा चिमणी एका हाताने ओट्याची कड धरून वाकली होती. दुसरा हात पोटावर घट्ट दाबलेला होता.

"काय गं, पुन्हा?"

"काही नाही ताई. गोळी झोंबते जरा. बसेल खाली."

"रोजच झोंबते?"

"रोज म्हणजे... घेतली की." ती ओशाळून हसली, आणि हसताना हिरड्यांवरची तांबडी रेघ दिसली.

न्याहारीला थोरलीने विषय काढला. औषधाच्या दुकानात दुसऱ्या तऱ्हेची गोळी मिळते म्हणे, पोटाला न बाधणारी. ती आणावी का?

"आम्लाचा धंदा आपला, आणि आपल्यालाच आम्ल शिकवा!" तिचा नवरा पेला ठेवत म्हणाला. "दोन्हींत जीवनसत्त्व एकच ना? मग आहे त्याच गोळीची सवय होऊ दे की."

"आंबट तेच खरं," सासूबाईंनी निवाडा दिला. "जिभेला झोंबत नाही ते अंगाला काय लागणार? औषध आहे ते, लाडू नव्हे."

"आई, ती वाकून जाते हो दुखण्यानं."

"मग आण बाई तुझी मवाळ गोळी. तुझ्या जिवाला चैन पडू दे एकदाचं."

ज्या व्यक्तीच्या पोटाविषयी हा वाद चालला होता, ती त्याच वेळी दाराआड रिकामे पेले विसळीत होती. तिला कोणी काही विचारले नाही.

थोरली दुपारच्या आत दुकानात गेली. औषधवाली मध्यम वयाची होती. चष्मा डोक्यावर चढवलेला, आणि गिऱ्हाइकाकडे पाहण्याआधी चिठ्ठीकडे पाहण्याची सवय. तिने काउंटरवर दोन बाटल्या ठेवल्या.

"ही तुम्ही नेलेली. साधी, म्हणजे आम्लाची. आणि ही बफर्ड. हिच्यात क्षार मिसळून आम्लाची धार बोथट केलेली असते. गुण तोच, पण नाजूक पोटाला सोसते. पेशंट तुमचे कोण?"

"जाऊ माझी. धाकटी."

"तुमचाच ना तो रसाचा कारखाना?" औषधवाली हसली. "काखेत कळसा नि गावाला वळसा! बरं, गोळी जेवणानंतरच घेतात ना त्या? भरल्या पोटी साधी गोळी सहसा इतकी छळत नाही, म्हणून विचारते."

"हो हो, जेवणानंतरच."

"काल काय जेवल्या?"

थोरली कालची पंगत आठवू लागली. नवऱ्याने काल भात दुसऱ्यांदा मागितला होता, हे तिला आठवत होते. धाकट्या लेकाने भाजीतले वाटाणे वेचून बाजूला काढले होते, सासूबाईंचा भात मऊ करून दिला होता, हेही आठवत होते. चिमणीचे ताट तिच्या डोळ्यांपुढे येईना. कालचे नाही, परवाचे नाही, या अख्ख्या वर्षातले एकही नाही.

"ती... सगळ्यांचं झाल्यावर बसते," ती कशीबशी म्हणाली.

"कधी बसतात ते नव्हतं विचारलं मी, ताई."

औषधवालीने चष्मा डोळ्यांवर ओढला. तिने बफर्ड गोळ्यांची बाटली कागदात गुंडाळून दिली.

घरची पंगत रोजच्यासारखी उरकली. मुले जेवली, नवरा जेवला, सासूबाई जेवल्या, आणि थोरली स्वतःही चार घास गिळून उठली. एरवी या घटकेला ती खोलीत जाऊन पाठ टेकत असे. आज ती बोळात, स्वयंपाकघराच्या अर्धवट लोटलेल्या दाराशी थांबली.

चिमणीने आधी ओटा पुसला. मग सगळ्यांची ताटे विसळली. उरलेली भाजी तिने वाटीत काढून, संध्याकाळी मुलांना लागेल म्हणून, झाकून ठेवली. पातेल्यातला भात संपला होता. बुडाशी लागलेली खरवड तिने उलथन्याने सोडवली, ती मूठभरदेखील भरली नाही. तिच्यावर पाणी ओतून, ती मऊ होईपर्यंत थांबून, उभ्याउभ्याच तिने ती खाल्ली. चावणे तिला जमत नव्हते. एकेक कण ती जिभेने टाळूवर दाबून गिळत होती. नंतर तिने गोळीसाठी हात लांब केला.

थोरलीने दार ढकलले.

"हे जेवण?"

चिमणी दचकली, चोरी पकडली गेल्यासारखे तिने पातेले पाठीमागे लपवले. "आज जरा कमी उरलं, ताई."

"काल किती उरलं होतं?"

तिने पातेले आणखी मागे सरकवले.

"अगं, भूक लागत नाही तुला?"

"लागायची. पहिलं वर्षभर फार लागायची." तिचा स्वर शांत होता. "हे गेले त्या महिन्यात मी एकदा भात पुन्हा मागितला होता. आठवतं तुम्हाला? लांबच्या मावशी आलेल्या. त्या म्हणाल्या, 'नवरा गेला, पण भूक शाबूत आहे हो हिची!' सगळे हसले. मग मी नाही मागितला. भूक अशी एकदम मरत नाही, ताई. मारावी लागते. पण मरते."

थोरलीला आठवले. ती हसली नव्हती. पण तिने चिमणीच्या ताटात डावभर भातही वाढला नव्हता.

तिच्या हातातली कागदाची पुडी पाहून चिमणीचा चेहरा उजळला. "आणली का मवाळवाली? बरं झालं. म्हणजे आता नुसत्या पाण्याबरोबर घेतली तरी चालेल ना?"

तेवढ्यात सासूबाई पाणी प्यायला आत आल्या, आणि त्यांनीही तेच समाधान बोलून दाखवले. "चला, मिटला प्रश्न. पोटात काही असो नसो, आता दुखायचं कारण नाही."

थोरलीच्या हातात ती बाटली एकाएकी जड झाली. ही मवाळ गोळी चिमणीला मवाळ नव्हती. ती या घराला मवाळ होती. उपाशी पोट आता ओरडणार नव्हते, आणि ते ओरडले नाही म्हणजे घरातल्या कोणालाही त्याच्याकडे पाहावे लागणार नव्हते. दोन बाटल्यांतली कोणती निवडावी यावर सकाळी सारे घर वाद घालत होते, आणि पातेल्याच्या तळाकडे मात्र कोणाची दृष्टी गेली नव्हती. रोग म्हशीला आणि औषध पखालीला!

तिने काही म्हणावे, इतका अवकाश तिला मिळाला नाही. सासूबाईंसाठी भरलेला पाण्याचा पेला चिमणीच्या हातून सुटला. ती मोरीकडे वळली, गुडघ्यांवर कोसळली, आणि मोरीच्या पांढऱ्या फरशीवर खरवडीच्या कणांबरोबर काळपट रक्त पसरले.

"काही नाही, ताई," त्या अवस्थेतही ती पुटपुटत होती, "मी पुसते. मी पुसते..."

रुग्णालयात तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचे बोलणे तोडून तोडून होते. "गोळीनं व्रण पाडलेला नाही. व्रण जुना आहे. रिकाम्या पोटात गोळी त्याच्यावर झोंबत राहिली, इतकंच. पण खरा आजार निराळा आहे. हे हिरड्यांचं रक्त, हे डाग... पूर्वी महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना हे व्हायचं. ताजं अन्न मिळायचं नाही म्हणून. या बाई कुठल्या समुद्रावर होत्या?"

थोरलीचा नवरा खाली पाहू लागला. ओट्याच्या कडेशी, कारखान्याच्या दारापासून दहा पावलांवर, रसाने भिजलेल्या हातांनी ती त्या समुद्रात उभी होती, हे त्याने कोणत्या तोंडाने सांगावे?

"वाचेल ना ती?" थोरलीने विचारले.

"आज वाचली. पुढचं तुमच्या स्वयंपाकघरावर आहे. पुढचे दोन दात सैल झालेत, ते टिकतील असं सांगवत नाही. असंच चाललं असतं तर सगळेच गळून गेले असते."

थोरली बाकावर बसली. तिच्या डोळ्यांपुढे चिमणीचे तोंड नव्हते. दुसरेच एक तोंड होते.

चिमणी घरी आली त्या दिवशी थोरलीने मऊ भात केला, भाज्या शिजवून घोटल्या, संत्र्याचा रस काढला. आणि सारे जमले असता पहिले ताट वाढून तिने ते चिमणीपुढे ठेवले. मग डाव पातेल्यात ठेवून ती उभी राहिली.

"आम्हाला वाढतेस ना?" नवऱ्याने विचारले.

"तिचं झालं की."

"म्हणजे आम्ही उपाशी बसायचं?"

"बसा थोडा वेळ. अंगवळणी पडतं म्हणतात."

सासूबाईंचा आवाज चढला. "ही कुठली रीत? घरचा कर्ता ताटकळत बसणार आणि ही आधी गिळणार? मला कळत नाही का तिचं दुःख? मीही याच वाटेनं गेले. सगळ्यांच्या मागून खाल्लं, उरलंसुरलं खाल्लं, कधी तेही नाही. चकार शब्द काढला नाही. मला काय झालं?"

थोरली त्यांच्याजवळ गेली. तिचा स्वर नम्र होता. जिच्या जखमेला हात लावायचा आहे, तिच्याशी बोलावे तसा.

"आई, तुमचे दात केव्हा गेले?"

सासूबाईंनी उत्तर द्यायला ओठ उघडले. नेहमीचा विनोद त्यांच्या जिभेवर आला असावा. पण तो बाहेर पडला नाही. त्यांची नजर चिमणीच्या सुजलेल्या हिरड्यांवर गेली आणि तेथेच खिळली. हळूहळू त्यांचा हात वर उठला, आणि बोटांनी त्या आपल्या पोकळ गालाला चाचपू लागल्या. जणू चाळीस वर्षांपूर्वी हरवलेली वस्तू कोठे पडली, ते त्यांना आताच उमगत होते.  त्या उठून गेल्या नाहीत.

 ताटातली वाफ विरू लागली. चिमणीचा हात मांडीवरच होता. तिने भेदरलेल्या नजरेने एकेकाकडे पाहिले.

"सगळ्यांचं झालं का?" तिने हळूच विचारले.

नवऱ्याने मान खाली घातली.  थोरलीने रसाचा पेला तिच्या ताटाशी सरकवला आणि ती तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"तुझं व्हायचंय अजून," ती म्हणाली.

पहिला घास चिमणीने उचलला. तो तोंडात घेताच वेदनेने तिचे डोळे मिटले, आणि भाताच्या शुभ्र कणांवर तांबडा ठिपका उमटला. तिने तो गिळला. दुसऱ्या घासापाशी ती थांबली, रडली, आणि पुन्हा हात पुढे केला. भूक मेली आहे असे तिने सांगितले होते. ती खरोखर मेली होती की घरातल्या हसण्याला भिऊन चार वर्षे निपचित पडून राहिली होती, हे अद्याप कोणाला ठाऊक नव्हते.

थोरली मात्र त्या ताटावरून नजर हलवीत नव्हती. घोटलेली भाजी किती गेली, भात किती उरला, रसाचे किती घोट उतरले, हे ती मनात साठवत होती. कारण उद्या कोणी तिला विचारले की काल तुझी जाऊ काय जेवली, तर या वेळी तिला उत्तर द्यायचे होते.