फळीवरच्यांना विचारत नाहीत

मी फळी बोलतेय. न्हाव्याच्या दुकानात लहान पोरांसाठी खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकतात, ती. तुम्हीही कधीतरी अशाच एखादीवर बसून भोकाड पसरलं असेल. आता आठवत नसेल. माणूस मोठा झाला की बूड टेकलेली जागा आधी विसरतो.

मूळची मी कपाटाचा कप्पा. कपाट मोडलं, तसं न्हाव्याने मला उचललं, टोकं कापली, घासून गुळगुळीत केली. तेव्हापासून लेकरं पेलायची हेच काम. आईबापांच्या थापा ऐकून कान किटले. म्हणे, "हललास तर काका कान कापतील!" न्हाव्याने आजवर एक कान कापलेला नाही. पण पोरं खरं मानतात आणि नखांनी माझ्या कडा कुरतडतात.

मला एकच गोष्ट कळते, वजन. माणूस तोंडाने खोटं बोलेल, बुडाने नाही बोलत.

मुंगी पहिल्यांदा आली ती तीन वर्षांची. हे नाव न्हाव्यानेच ठेवलं. बाप नळदुरुस्ती करणारा, आई दवाखान्याच्या खिडकीत केसपेपर देणारी. बाप म्हणायचा, "बारीक करा." आई म्हणायची, "कपाळ झाकू द्या हो." हसत भांडायची दोघं. पुढे हसणं गेलं, भांडण तेवढं उरलं. मग घरंही दोन झाली.

आता मुंगी एका महिन्यात बापाबरोबर, पुढच्यात आईबरोबर. त्याने बारीक करून नेली की ही येऊन तणतणायची, "पोरीचं डोकं आहे की घासणी?" न्हावी वैतागला. "तुमचं काय ते कोर्टात बघा. माझ्या कात्रीला मध्ये ओढू नका."

आणि मुंगी बसायची कशी? दोन्ही हातांनी मला घट्ट धरून, अंग उचलून. भार म्हणून टाकायची नाही. एवढासा जीव स्वतःला असा तोलून धरायला कुठे शिकला, मला कळेना.

आठवं लागलं आणि तिची उंची वाढली. मला दाराआड उभं केलं. रीतच आहे ती. फळीवरच्या पोराचे केस किती कापायचे, ते आईबाप सांगतात. फळी सुटली की न्हावी गिऱ्हाइकालाच विचारतो.

मग ती दुपार आली. दुसऱ्या दिवशी कोर्टात जजबाई मुंगीला एकटीला आत बोलावून विचारणार होत्या, तुला कुणाकडे राहायचंय? पोर नीटनेटकी दिसावी म्हणून बाप तिला घेऊन आला. त्याच विचाराने आईही आली.

"हा महिना माझा आहे," बाप म्हणाला.

"महिना तुझा. केस तिचे."

न्हाव्याने घाईघाईने फडकं झटकलं. "बोला मुंगीबाई, आता तुम्ही मोठं गिऱ्हाईक. किती कापू?"

"फळी लावा."

"अगं, डोकं छताला लागेल!"

"लावा ना काका. फळीवर बसलं की मला विचारत नाहीत. आईबाबांना विचारतात." जरा थांबून म्हणाली, "उद्यापण पाहिजे. कोर्टात नेता येते का फळी?"

न्हाव्याने दाराआडून मला काढून लावलं.

आई खुर्चीजवळ आली. "हे कुणी शिकवलं तुला?"

"हे नाही शिकवलं कुणी. तुम्ही दोघांनी वेगवेगळं शिकवलंय. तुझंपण पाठ आहे, बाबाचंपण. दोन्ही म्हणून दाखवू?"

मी लाकूड. पण तेव्हा वाटलं, एवढी अक्कल या पोरीत कुठून आली? हजार पोरं बसली माझ्यावर, अशी एकही बसली नाही.

बाप बायकोकडे न बघता म्हणाला, "उद्या हिला आत पाठवायचं नाही. आपणच सांगू बाईंना."

"काय सांगू?"

"तेच ठरवू. चल बाहेर. हिचे केस होईस्तोवर."

दारातल्या बाकावर बसली दोघं. शाळेचे दिवस कुठे, सुट्टी कुठे, ताप आला तर रजा कुणी काढायची. दोनदा आवाज चढले, दोनदा उतरले. पुन्हा एक होण्याची बात नव्हती, उगाच आशा नको. पण बोलत होती.

इकडे कात्री चालू होती. अर्ध्यातच मुंगीची मान कलली. झोपली! माझ्या कडेवरची तिची बोटं एकेक करून सुटली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा पोरीचं सगळं वजन माझ्यावर आलं. केवढं होतं हो ते! कपाटात असताना लोखंडी पेट्या पेलल्या मी. पण त्या दिवशी करकरले आणि मधोमध चीर गेली.

ठरवून दोघं आत आली. मुंगी झोपलेलीच होती. कुणी तिला हाक मारली नाही.

आता न्हाव्याने प्लॅस्टिकची खुर्ची आणलीय. मी दाराआड आहे. "उद्या जाळतो हिला," म्हणतो आणि विसरतो. माझी तक्रार नाही. पण आईबापांनो, भांडा, वेगळे व्हा, तुमची मर्जी. फक्त दोघांतलं एक निवड, असं लेकराला सांगू नका. फार जड असतं ते. मी लाकूड असून चिरले.